राजमुद्रा आणि राष्ट्राचे ऋण

गेल्या वर्षी आमच्या गावच्या देवस्थानाच्या महाजनांची सर्वसाधारण सभा भरली असता एक लहानसा प्रसंग घडला. जमाखर्च वाचून झाला होता, पुढील सालचे अंदाजपत्रक संमत झाले होते, आणि जीर्णोद्धारनिधीतील शिलकेचा विषय निघाला होता. त्या शिलकेपैकी काही रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवावी, अशी सूचना खजिनदारांनी मांडली. तिला एका वयोवृद्ध महाजनांनी हरकत घेतली. प्रस्तुत लेखकाकडे वळून ते म्हणाले, "वकीलबाब, सरकारूच रिणांत बुडलां, मागीर देवाचे पयशे तांचेकडेन कित्याक दवरप?" सभेत थोडा हशा झाला, सूचना पुढील सभेवर ढकलली गेली, आणि पानसुपारी होऊन मंडळी पांगली.

मला मात्र त्या प्रश्नाने स्वस्थ बसू दिले नाही. कायद्याचे उत्तर मजपाशी तयार होते. विश्वस्तांच्या हातातील द्रव्यास सरकारी रोखे हे योग्य स्थान होय, असे आपला कायदा दीर्घकाळ मानीत आला आहे. मुंबई राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा अधिनियम एके काळी बेळगाव-कारवारपर्यंत लागू होता. त्याच्या ३५ व्या कलमाने विश्वस्तांना जे मोजके मार्ग मोकळे ठेवले, त्यांत सरकारी रोखे आहेत. परंतु महाजनांनी विचारले होते ते कायद्याच्या पलीकडचे होते. जो स्वतः कर्जबाजारी, त्याच्या हाती देवाचे द्रव्य का द्यावे? दर वर्षी अर्थसंकल्प मांडला गेला की वृत्तपत्रांतून हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जातो. राष्ट्राच्या डोक्यावर इतके कर्ज, म्हणजे दर माणशी इतके, म्हणजे पाळण्यातले मूलही ऋणको! हा हिशेब ऐकून ज्याला चिंता वाटत नाही असा गृहस्थ विरळाच.

याच कारणाने स्टेफनी केल्टन यांचा 'द डेफिसिट मिथ' हा २०२० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ मी हाती घेतला. केल्टनबाई अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. २०१५ मध्ये अमेरिकन सिनेटच्या अर्थसंकल्प समितीवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने मुख्य अर्थतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केले होते. ग्रंथाच्या आठ प्रकरणांपैकी पहिली सहा सहा रूढ समजुतींच्या खंडनास वाहिलेली आहेत. तो वाचीत असतानाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ चा ग्रंथ मी जोडीस ठेवला. दोहोंत जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. एक ग्रंथ चलनाला खोट्या भयातून मोकळे करू पाहतो, तर दुसरा त्याला राज्यकर्त्यांच्या लहरीपासून बांधून ठेवू पाहतो. पहिल्याचे परीक्षण करताना दुसरा कसोटीच्या दगडासारखा उपयोगी पडला, म्हणून त्याचा उल्लेख पुढे वारंवार येईल.

केल्टन यांचा मुख्य सिद्धान्त साधा आहे. सरकारचे अंदाजपत्रक हे घराचे अंदाजपत्रक नव्हे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही आपली म्हण संसारी माणसास शंभर हिस्से लागू आहे, कारण त्याचे अंथरूण दुसऱ्याने विणलेले असते. परंतु ज्याच्या स्वतःच्या घरी माग आहे, त्याला त्या म्हणीची धाक घालणे व्यर्थ होय. अमेरिकेचे सरकार डॉलर निर्माण करते, जपानचे येन. अशा सरकारला स्वतःच्या चलनातील देणे फेडता आले नाही, असे केवळ पैशाच्या अभावी कधी घडू शकत नाही. प्रश्न उरतो तो मागाला सूत किती आहे याचा. सूत म्हणजे देशातील माणसांचे श्रम, धान्य, इंधन, यंत्रे आणि कौशल्य. सूत पडून असताना माग बंद ठेवणे हा मूर्खपणा; सूत संपल्यावर माग चालविणे म्हणजे महागाई. मागाचे हे रूपक माझे आहे. मूळ ग्रंथात ते नाही. परंतु लेखिकेच्या प्रतिपादनास ते अन्याय करीत नाही, असे मला वाटते.

हे चलन लोक स्वीकारतात तरी का? याचे उत्तर म्हणून लेखिकेने वॉरन मोस्लर या गृहस्थांची एक गोष्ट सांगितली आहे. मोस्लर यांनी घरकामाच्या मोबदल्यात आपल्या मुलांना स्वतःच्या नावाची छापील कार्डे देऊ केली. मुलांनी कामास हात लावला नाही. त्या कार्डांचे करायचे काय? मग पित्याने फर्मान काढले की, दरमहा तीस कार्डे मला भरलीच पाहिजेत, नाही तर घरातील सुखसोयी बंद. लागलीच मुले झटून कामास लागली. कर आला आणि त्याबरोबर कागदाच्या तुकड्याला मोल आले.

अमेरिकन वाचकास ही गोष्ट नवलाची वाटली असेल. आपणांस वाटण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पाडणारा लक्षणाध्यक्ष आहे आणि नाणी पारखणारा रूपदर्शक आहे. रूपदर्शकाने जे चलन प्रस्थापित करावयाचे, त्याची दोन लक्षणे तेथे सांगितली आहेत: ते व्यावहारिक असावे आणि कोशप्रवेश्य असावे. बाजारात चालणारे आणि राजाच्या कोशात स्वीकारले जाणारे, या दोन शब्दांत चलनाचे सारे मर्म आले. आपल्या या पत्राचे वाचक ज्या ज्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले, त्या गावांनी तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. बडोद्यास गायकवाडांचा बाबाशाही रुपया चाले. एकोणिसावे शतक संपता संपता त्याची जागा ब्रिटिश रुपयाने घेतली. हैदराबादेत निजामाचा हाली शिक्का होता. त्याचे सात रुपये म्हणजे हिंदुस्थानचे सहा असा हिशेब असे, आणि १९५९ मध्ये तो कायमचा चलनातून गेला. गोव्यात १९५८ मध्ये रुपिया जाऊन सहास एक या दराने एस्कुदो आला, आणि १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर तोही इतिहासजमा झाला. ज्या सत्तेने ते नाणे कोशात घेण्याचे वचन दिले होते ती सत्ता गेली, आणि तिच्याबरोबर नाण्याचे पैसापणही गेले.

याच प्रकारचा एक प्रसंग मला देवळातच पाहावयास मिळाला. २०१७ च्या शिमग्याच्या सुमारास आमच्या देवस्थानाच्या एका बाजूच्या दानपेटीत पाचशे रुपयांच्या तीन जुन्या नोटा निघाल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या नोटांचे विधिग्राह्यत्व संपले होते. पुढे थेट त्या वर्षअखेरीपासूनच रिझर्व्ह बँकेचे त्यांवरील दायित्वही २०१७ च्या एका स्वतंत्र अधिनियमाने नष्ट करण्यात आले. नोटेवरील वचनाचे शब्द मात्र जसेच्या तसे होते. देवाने त्या नोटा स्वीकारल्या होत्या. बँक स्वीकारणार नव्हती. तेव्हापासून नोट हा कायद्याने निर्माण केलेला आणि कायद्याने मिटविता येणारा पदार्थ आहे, हे मला पुस्तकाबाहेर कळले. एक रुपयाची नोट तर भारत सरकार स्वतः काढते, आणि तिच्यावर काही देण्याचे वचनही नसते. ती स्वतःच रुपया असते. कशाचीही पावती नसते.

येथवर केल्टन यांच्याशी माझे पूर्ण ऐकमत्य आहे. ऋणाच्या बाबतीत त्या जे म्हणतात तेही बव्हंशी मान्य करण्याजोगे आहे. राष्ट्रीय ऋण म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहता रोखेधारकांची संपत्ती. वॉशिंग्टनमधील आपल्या अनुभवातून त्यांनी एक मौजेचा प्रयोग सांगितला आहे. जादूची कांडी फिरवून सारे राष्ट्रीय ऋण नाहीसे करता आले तर कराल का, असे विचारताच लोक आनंदाने होकार देत. जगातील सारे अमेरिकन सरकारी रोखे नाहीसे कराल का, असे विचारताच तेच लोक बुचकळ्यात पडत. वस्तुतः प्रश्न एकच होता. १८३५ मध्ये अमेरिकेने आपले सारे ऋण खरोखरच फेडून टाकले होते. त्यानंतर दोनच वर्षांत तो देश मोठ्या आर्थिक अरिष्टात सापडला. एका घटनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे वकिलास कोणी सांगावयास नको. तथापि ऋणमुक्ती म्हणजे समृद्धी, हे समीकरण तेवढे त्यातून खचित मोडते.

आमच्या महाजनांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. देवस्थानाने रोखा घेतला म्हणजे देवस्थान राष्ट्रीय ऋणात एका धनकोच्या नात्याने सामील झाले. भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याचे हप्ते, बँकेतील ठेवी यांतून आपणांपैकी बहुतेक जण आधीच तसे सामील आहेत. पाळण्यातल्या ज्या मुलाच्या माथी आपण कर्जाचा वाटा लिहितो, त्याच्याच नावे आजोबांनी ठेवलेल्या ठेवीच्या पाठीशी त्याच कर्जाचा रोखा उभा असतो. गृहस्थ मरतो, म्हणून त्याचे कर्ज त्याच्या हयातीत फिटावे लागते. राज्य हे कायद्याच्या दृष्टीने चिरंजीव आहे. देवतेला आपला कायदा व्यक्ती मानतो आणि तिला मरण नाही असे धरून चालतो, राज्याचेही तसेच. एक रोखा मुदतीस आला की दुसरा निघतो. सारे रोखे एकदम फेडण्याची घटका अशा व्यक्तीच्या आयुष्यात येतेच असे नाही.

आपल्या मनात राजाच्या कर्जाविषयी जे भय आहे, ते मला वाटते निराळ्या काळातून आले आहे. पहिल्या बाजीरावाने मोहिमांसाठी सावकारांकडून आणि धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींकडून कर्जे काढली, आणि त्या कर्जांचा घोर त्याला अखेरपर्यंत पुरला. ते भय खरे होते, कारण ते कर्ज चांदीचे होते आणि चांदी पेशव्याला निर्माण करता येत नव्हती. आज केंद्र सरकारचे बहुतांश ऋण रुपयांत आहे आणि देशातल्या देशात आहे. पेशव्याची उपमा लावावयाची असेल तर ती फार जपून लावली पाहिजे.

ही झाली ग्रंथाची बलस्थाने. लेखनशैली सुबोध आहे. कोष्टके-आलेखांची भीती न घालता दृष्टान्तांच्या साहाय्याने विषय पुढे नेण्याची हातोटी वाखाणण्यासारखी आहे. परंतु दृष्टान्त हा दिव्यासारखा असतो: एक कोपरा उजळताना तो बाकीच्यांवर सावली टाकतो. या सावलीतील कोपऱ्यांविषयी आता लिहिले पाहिजे.

पहिला आक्षेप भूगोलाचा आहे. ग्रंथ अमेरिकेत बसून लिहिलेला आहे, आणि डॉलर हे सगळ्या जगाला हवे असलेले चलन आहे. जे देश अन्न वा इंधन बाहेरून आणतात त्यांचे चलनविषयक स्वातंत्र्य उणे असते, हे लेखिका मान्य करते. पण ते एका प्रकरणाच्या कडेला. आपल्यासाठी तो गाभ्याचा विषय आहे. भारताला लागणाऱ्या खनिज तेलाच्या पाच भागांपैकी चारांहून अधिक भाग आयात करावा लागतो. नाशिकरोडच्या मुद्रणालयात रुपया छापता येतो, इंदूरजवळ देवासलाही येतो. डॉलर दोन्ही ठिकाणी छापता येत नाही. १९९१ साली देशात रुपयांचा तुटवडा नव्हता. तरीही परकी चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले, आणि जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले. गोवेकरांना त्या वर्षाची आणखी एक आठवण आहे. मुक्तीच्या तोंडावर पोर्तुगीज बँकेने लोकांचे गहाण दागिने लिस्बनला नेले होते. ते तीस वर्षांनी, १९९१ मध्येच, परत आले. एकीकडे लोकांचे गहाण सोने घरी येत होते आणि दुसरीकडे राष्ट्राचे सोने गहाण पडत होते. स्वतःच्या मुद्रेचे ऋण आणि दुसऱ्याच्या मुद्रेचे ऋण यांतील भेद ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याने ते एक वर्ष अभ्यासावे.

दुसरा आक्षेप महागाईचा, आणि येथे आंबेडकरांना साक्षीस बोलाविणे भाग आहे. तुटीला मर्यादा महागाईचीच, असे केल्टन स्पष्ट म्हणतात. त्या बेसुमार नोटा छापा असे सांगतात, हा त्यांच्यावरील आरोप न वाचता केलेला आहे. परंतु ती मर्यादा ओलांडली जात असताना लगाम कोण खेचणार? कर वाढविणे, खर्च आवरणे ही कामे विधिमंडळाची. आणि निवडणूक जवळ असता कर वाढविणारे विधिमंडळ कोणी पाहिले आहे? ग्रंथ निघाल्यावर दोनच वर्षांत, जून २०२२ मध्ये, अमेरिकेतील महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला. साथीने विस्कटलेला पुरवठा आणि युद्ध ही त्याची कारणे होतीच. सरकारने साथीच्या काळात लोकांच्या हाती घातलेला पैसा हेही एक होते. लगाम शेवटी खेचला तो मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवून, म्हणजे केल्टन यांना न रुचणाऱ्या जुन्याच मार्गाने.

आंबेडकरांना ही भीती फार आधी जाणवली होती. त्यांच्या काळी केन्ससारखा पंडित हिंदुस्थानसाठी सुवर्णविनिमय पद्धतीची भलावण करीत होता. आंबेडकरांनी तिला विरोध केला तो अशासाठी की, तीत रुपये किती काढावयाचे याला सरकारच्या मर्जीखेरीज बंधन नव्हते. किमती चढतात तेव्हा मजुरी मागे रेंगाळते. व्यापाऱ्याचा जो नफा दिसतो तो पुष्कळदा मजुराच्या ताटातून काढलेला घास असतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार होय. म्हणून रुपयांच्या निर्मितीला कायद्याची ठाम मर्यादा घालावी, असा त्यांचा आग्रह होता. सोन्याला चलन बांधण्याचा त्यांचा उपाय आज कोणी स्वीकारणार नाही, आणि स्वीकारूही नये. पण त्यांनी विचारलेला प्रश्न, राज्यकर्त्याच्या हातून चुकीने पडणाऱ्या पैशाची किंमत कोण भरतो, हा केल्टन यांच्या ग्रंथात हवा तितक्या गंभीरपणे विचारलेला नाही.

तिसरा आक्षेप म्हणण्यापेक्षा इशारा म्हणावा. ज्याच्या घरी माग आहे ते केंद्र सरकार. राज्य सरकारांच्या घरी तो नाही. गोवा असो, कर्नाटक असो, मध्य प्रदेश, गुजरात वा तेलंगण असो, राज्याला रुपया मिळवूनच खर्च करावा लागतो. संविधानाच्या २९३ व्या अनुच्छेदान्वये, केंद्राचे देणे शिल्लक असेल तर राज्याला केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्जही काढता येत नाही; केरळने या मर्यादेविषयी लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये घटनापीठाकडे सोपविला. केल्टन अमेरिकेतील घटक राज्यांविषयी हेच सांगतात. त्यांनी सर्वांना रोजगाराची हमी देण्याची जी योजना मांडली आहे, तिचा एक पूर्वज महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या होरपळीतून रोजगार हमीची योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण राज्याच्या घरी माग नसल्यामुळे तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसायकर बसवावा लागला. शहरातल्या पगारदाराने ग्रामीण मजुराच्या कामाचा खर्च उचलला. सरकारला पैसा मिळवावा लागत नाही, हे सूत्र घोकीत जो राज्याच्या अंदाजपत्रकाकडे जाईल तो राज्याला बुडवील.

चौथा मुद्दा माझ्या व्यवसायाचा आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकार आधी खर्च करते आणि कर व कर्ज मागाहून येतात, असा क्रम केल्टन मांडतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य असेल. पण आपल्या कायद्याने तो क्रम एके काळी मोकळा ठेवला होता आणि नंतर विचारपूर्वक बंद केला. १९५५ पासून अशी व्यवस्था होती की, रिझर्व्ह बँकेतील सरकारची शिल्लक ठरलेल्या किमान रकमेखाली गेली की आपोआप तात्पुरत्या हुंड्या निघत आणि नवा पैसा सरकारच्या खात्यात जमा होई. तात्पुरते म्हटलेले हे साधन चार दशके टिकले. १९९४ च्या कराराने ते आवरण्यास आरंभ झाला आणि १९९७ च्या मार्चअखेर ते संपले. पुढे २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या अधिनियमाने रिझर्व्ह बँकेने सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून घेण्यावरही निर्बंध आणला. महाद्वार असे बंद झाले. बाजूचे दार मात्र उघडे आहे, कारण बँकेला तेच रोखे बाजारातून घेता येतात, आणि २०२१ मध्ये तिने जाहीर कार्यक्रम आखून ते लाखो कोटींच्या प्रमाणात घेतले.

याचा अर्थ काय? सरकारवरील ही बंधने दारिद्र्याची नाहीत, व्रताची आहेत. एकादशीला उपास करणारा आणि घरात दाणा नसलेला, दोघेही त्या दिवशी जेवत नाहीत. पण म्हणून दोघांना एक समजणारा माणूस दोघांचेही दुःख ओळखत नाही. सरकारपाशी पैसा नाही म्हणून शाळेला शिक्षक नाही, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा उपासाला उपासमार म्हटले जाते. नागरिकाची त्यात फसवणूक होते. उलट, व्रत आपण घेतलेले आहे, तेव्हा वाटेल तेव्हा मोडू, असे म्हणणाराही तितकाच घातक. व्रताला आपद्धर्म असतो, आणि २००३ च्या कायद्यातही युद्ध वा राष्ट्रीय आपत्ती अशा प्रसंगांसाठी सूट आहे. परंतु आपत्ती संपली की व्रत पुन्हा सुरू व्हावे लागते. केंद्राचे ऋण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्के आणि केंद्र-राज्यांचे मिळून ६० टक्क्यांपर्यंत २०२४-२५ अखेर आणावयाचे, असे २०१८ मध्ये कायद्यात लिहिले गेले. मुदत आली आणि गेली. आकडे गाठले गेले नाहीत. ते आकडे योग्य होते की नव्हते यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. पण कायद्यात लिहिलेले न पाळता संसदेत त्याची फारशी चर्चाही होत नाही, ही गोष्ट मला ऋणाच्या आकड्याहून अधिक चिंताजनक वाटते.

व्याजाचेही तसेच. अलीकडच्या वर्षांत केंद्राच्या महसुली जमेतून एक तृतीयांशाहून अधिक भाग व्याजात जातो. तो देशातच राहतो हे खरे. पण देशातल्या कोणाकडे जातो? रोखे बँकांकडे, विमा मंडळांकडे, निधींकडे आणि ज्यांच्यापाशी शिल्लक आहे त्यांच्याकडे आहेत. अप्रत्यक्ष कर मात्र मिठाच्या पुडीपासून काडेपेटीपर्यंत ज्याला काही घ्यावे लागते तो प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या वस्तूवर भरतो. एकाच घरातील देणेघेणे असले, तरी धाकट्याच्या ताटातून थोरल्याच्या ताटात जाणाऱ्या घासाला देणेघेणे एवढेच म्हणून भागत नाही. व्याजाचा दर ही सरकारी धोरणाची बाब आहे, एवढे सांगून केल्टन पुढे जातात. तेथे थांबावयास हवे होते.

संविधान सभेत कर्ज काढण्याच्या तरतुदीवर १९४९ मध्ये चर्चा झाली, तेव्हा कर्जाची मर्यादा संसदेने कायद्याने ठरवावी ही अपेक्षा आंबेडकरांनी बोलून दाखविली होती. आजच्या २९२ व्या अनुच्छेदात ती मुभा आहे. १९२३ मध्ये ज्यांनी सोन्याच्या शृंखलेवर विश्वास ठेवला, त्यांनी १९४९ मध्ये तो लोकप्रतिनिधींच्या सभेवर ठेवला, हा प्रवास मला उद्बोधक वाटतो. केल्टन यांच्या ग्रंथाने सोन्याची आणि गृहस्थाच्या कसरीची खोटी शृंखला तोडली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु शृंखला तुटल्यावर राखण कोणी करावयाची, हे त्यांनी फार थोडक्यात आटोपले. ते उत्तर अर्थशास्त्र देणार नाही. ते सभेत बसणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.

आता पुन्हा आमच्या सभेकडे. येत्या सभेत ती सूचना पुन्हा निघेल, तेव्हा मी त्या वृद्ध महाजनांना सांगेन की, बाबा, सरकार ऋणात असले तरी रुपयाच्या ऋणात बुडत नाही. मुदतीला आपले रुपये पै न चुकता परत मिळतील, या बाबतीत आपण निश्चिंत असावे. थोडी रक्कम अवश्य रोख्यांत घालावी. परंतु ज्या दिवशी ते रुपये हाती येतील त्या दिवशी त्यांत सभामंडपाच्या भिंतीसाठी किती चिरे येतील, याची हमी रोख्यावर छापलेली नसते. ती हमी दिल्लीतल्या सभेच्या शहाणपणावर अवलंबून आहे, आणि त्या सभेत कोणाला पाठवावयाचे हे आपल्या हाती आहे. आपल्या देवस्थानाचा हिशेब आपण ओळ न् ओळ वाचून घेतो, पणतीच्या तेलाचाही खर्च विचारतो. तितक्याच बारकाईने राष्ट्राचा हिशेब विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर ऋणाचे भय बाळगण्याची गरज राहणार नाही.